कचरा टाकीत किती वर्षं आहे, हे आधी विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाचा विषय निघाला की आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात अणुकचऱ्यावरची पत्रं हमखास येतात. त्यांत दोन वाक्यं पुन्हा पुन्हा भेटतात. 'हा कचरा लाखो वर्षं तसाच राहतो, त्यावर उपायच नाही' हे एक. 'तो काचेत बंद करून ठेवतात, काळजीचं कारण नाही' हे दुसरं. दोघांनीही मधला एक टप्पा गाळलेला असतो. काच होण्याआधी हा कचरा द्रव असतो आणि तो द्रव टाकीत उभा असतो. अणुकचऱ्याच्या मोठ्या दुर्घटना आणि मोठे घोटाळे बहुतेक याच टप्प्यात झालेले आहेत. आम्ही रसायनाची बाजू जाणतो, तेवढीच मांडतो. प्रकल्प हवा की नको, यावर बोलणारे जिल्ह्यात पुष्कळ आहेत.

आधी एक गल्लत दूर करू. जैतापूर प्रकल्पाच्या जागी, माडबनला १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या झाल्याच, तर तिथे अशा टाक्या आपोआप येत नाहीत. भट्टीतून निघतं ते वापरलेलं इंधन, म्हणजे धातूच्या नळ्यांत बंद असलेल्या घन गोळ्या. त्या आधी कित्येक वर्षं पाण्याच्या तलावात थंड होतात. द्रव कचरा तयार होतो तो पुढे, त्या इंधनाचं पुनर्प्रक्रियण केलं तर. आणि मुंबईतलं ट्रॉम्बे सोडलं तर ते काम कोकण किनाऱ्यावर होतं तारापूरला. १९६९ पासून तिथे वीज तयार होते. पुनर्प्रक्रिया पुढे सुरू झाली, काचीकरणाचा कारखानाही आहे. कोकण म्हटलं की आपण दापोलीपासून मालवणपर्यंत बोलतो आणि पालघर विसरतो, म्हणून हे सांगावं लागतं.

पुनर्प्रक्रियेत इंधनाचे तुकडे गरम नायट्रिक आम्लात विरघळवतात. ट्रायब्युटाइल फॉस्फेट नावाचं द्रावक युरेनियम आणि प्लुटोनियम उचलून घेतं. खाली उरतं त्या आम्लात सिझियम-१३७, स्ट्रॉन्शियम-९० आणि विखंडनातून झालेली इतर जवळपास सगळी मूलद्रव्यं असतात. हा द्रव स्वतःच तापत राहतो. त्यातल्या पाण्याचे रेणू किरणोत्सारानं फुटून हायड्रोजन सुटत राहतो. म्हणून टाकीला सतत थंड पाणी फिरवणाऱ्या नळ्या लागतात आणि वरची मोकळी जागा सतत हवेनं धुवावी लागते. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांवर गेला तर पेटू शकतो, त्यामुळे प्रत्यक्षात १ टक्क्याच्या खाली ठेवायचा असा रिवाज आहे. वीज गेली, पंप बंद पडला, पंखा बंद पडला तर किती तासांत काय होईल, याचं गणित प्रत्येक टाकीसाठी वेगळं असतं.

गणित चुकलं की काय होतं, ते २९ सप्टेंबर १९५७ ला रशियात उरलच्या परिसरात मायाकच्या अणुकेंद्रात दिसलं. एका टाकीची थंड पाण्याची व्यवस्था निकामी झाली. पाणी उडून गेलं, मागे नायट्रेट आणि ॲसिटेटचं कोरडं मीठ राहिलं. एक ज्वलनाला प्राणवायू पुरवणारं, दुसरं जळणारं. ७०-८० टन कचरा असलेली ती टाकी फुटली. सुमारे दोन कोटी क्युरी किरणोत्सार बाहेर आला, त्यातला दहावा हिस्सा वाऱ्याबरोबर सुमारे ३०० किलोमीटर लांब पट्ट्यात पसरला. अणुभट्टीचा यात काहीही संबंध नव्हता. ही टाकीची दुर्घटना होती.

अमेरिकेतल्या हॅनफर्ड या अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम बनवणाऱ्या केंद्राची चूक वेगळी. ती आपल्याकडे क्वचितच कुणी सांगतं. दुसऱ्या महायुद्धाच्या घाईत तिथे साध्या कार्बन पोलादाच्या टाक्या बांधल्या. असं पोलाद आम्लात टिकत नाही, म्हणून कचऱ्यात कॉस्टिक सोडा ओतून तो अल्कधर्मी केला. त्या क्षणी स्वस्त वाटलेला हा उपाय आजपर्यंत महाग पडतो आहे. सोडा पडताच लोह, ॲल्युमिनियम, स्ट्रॉन्शियम, प्लुटोनियम साक्यासारखे खाली बसले. आम्ल आणि सोडा मिळून सोडियम नायट्रेटचे डोंगर झाले आणि एकूण आकारमान वाढलं. मिठागराचा वाफा डोळ्यांसमोर आणा: तळाला चिखल, त्यावर मिठाचा थर, वर खारं पाणी. हॅनफर्डच्या १७७ टाक्यांत नेमकं हेच आहे, एकूण सुमारे २१ कोटी लिटर. सिझियम आणि टेक्निशियम वरच्या निवळीत, स्ट्रॉन्शियम आणि प्लुटोनियम तळच्या गाळात. त्यांपैकी १४९ टाक्या एकेरी भिंतीच्या, आणि ६७ टाक्यांतून गळती झाली असं धरलं जातं. पुढे बांधलेल्या दुहेरी भिंतीच्या २८ टाक्यांपैकी एकीची आतली भिंतही गळत असल्याचं २०१२ मध्ये उघड झालं. काचेचा कारखाना २००२ मध्ये बांधायला घेतला, आणि इतक्या वर्षांनंतरही बहुतेक कचरा टाक्यांतच आहे. याउलट न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्ट व्हॅलीत कचरा जेमतेम २३ लाख लिटर होता. १९९६ ते २००२ या काळात तो काचेच्या २७५ डब्यांत भरून काम संपलं.

भारतात अतिकिरणोत्सारी कचरा आम्लातच ठेवतात, स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांत, जमिनीखालच्या काँक्रीटच्या कोठ्यांत. हा निर्णय शहाणपणाचा होता, हे विरोधकांनीही मान्य करायला हरकत नाही. पण मध्यम पातळीचा अल्कधर्मी कचरा आपल्याकडेही साठला आहे, आणि त्याला हॅनफर्डचं बरंचसं रसायन लागू पडतं.

टाकीत काय आहे हे कळल्याशिवाय पुढचं काहीच करता येत नाही, आणि सगळ्यात जास्त चुका होतात त्या नमुना काढताना. निवळीचा नमुना सोपा: विहिरीत पोहरा सोडावा तशी बूच लावलेली बाटली तारेनं ठरलेल्या खोलीपर्यंत सोडायची आणि तिथे बूच ओढायचं. तरी तीन खोलींवरचे तीन नमुने हवेत, कारण न ढवळलेल्या टाकीत घनता थराथरानं बदलते. गाळ आणि मीठ यांसाठी तांदळाच्या पोत्यात पोकळ सळई खुपसतात तसं करावं लागतं. हॅनफर्डला सुमारे अडीच सेंटिमीटर जाडीचा गाभा ४८ सेंटिमीटरच्या तुकड्या-तुकड्यानं वर काढतात. मीठ कठीण असलं तर फिरतं पातं लागतं आणि ते तापू नये म्हणून नायट्रोजन फुंकावा लागतो. इथे गडबड अशी होते की सळई फक्त टाकीच्या छताला असलेल्या भोकाखालीच उतरते. वीस मीटर व्यासाच्या टाकीतल्या दोन भोकांवरून सगळ्या गाळाचा अंदाज बांधायचा, म्हणजे रत्नागिरीच्या बाजारातल्या दोन पेट्या उघडून जिल्ह्याचा हापूस ठरवण्यासारखं आहे. शिवाय मिठातला द्रव वर येता येता निथळून जातो, नमुना खऱ्याहून कोरडा निघतो आणि त्यातलं सिझियम कमी भरतं. म्हणून गाभा किती टक्के मिळाला, हा आकडा नसलेला अहवाल वाचूच नये.

नमुना मीटरभर जाडीच्या भिंतीच्या कोठडीत, पिवळसर शिसकाचेच्या खिडकीतून पाहत, यांत्रिक हातांनी उघडतात. आधी वजन, घनता, पाण्याचं प्रमाण. मग थोडा भाग हळूहळू तापवून त्यातून उष्णता सुटते का ते बघतात. नायट्रेटबरोबर सेंद्रिय पदार्थ असेल तर विशिष्ट तापमानाला वक्र एकदम उसळतो. मायाकचा धडा हा असा प्रयोगशाळेत उतरला आहे. त्यानंतर आयन क्रोमॅटोग्राफीनं नायट्रेट, नायट्राइट, सल्फेट, क्लोराइड, फ्लोराइड. प्लाझ्मा यंत्रावर सोडियमपासून जस्तापर्यंतचे धातू.

किरणोत्साराच्या मोजणीत सिझियम-१३७ सोपं आहे. त्याचा ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण जर्मेनियमच्या संवेदकावर ठळक दिसतो. इतका ठळक की त्याच्या झगमगाटात बाकीचे बुजतात. म्हणून आधी अमोनियम मोलिब्डोफॉस्फेटवर सिझियम काढून घ्यायचं, मग उरलेलं मोजायचं. स्ट्रॉन्शियम-९० नुसते बीटा कण सोडतं, ते गॅमा यंत्राला दिसतच नाही. रासायनिक वेगळं करूनच मोजावं लागतं, आणि वेगळं करताना किती हरवलं हे कळण्यासाठी आधी ठाऊक प्रमाणात मागकाढा (ट्रेसर) मिसळावा लागतो. गॅमा यंत्राचा एकच कागद दाखवून 'सगळं तपासलं' म्हणणाऱ्याला स्ट्रॉन्शियमचा आकडा विचारावा. प्रत्येक तुकडीत कोरा नमुना, दुबार नमुना आणि मुद्दाम मात्रा मिसळलेला नमुना नसेल, तर दशांश चिन्हापुढचे तीन अंक शोभेचे.

अल्कधर्मी कचऱ्याची पुढची पायरी म्हणजे थोडा जहाल भाग आणि पुष्कळ सौम्य भाग अशी फाळणी. गाळ गरम कॉस्टिकमध्ये घोळवला की ॲल्युमिनियम विरघळून निघतं. गिब्साइट रूपातलं लवकर, बोहमाइट रूपातलं रडतखडत. नंतर पाण्यानं धुऊन सोडियम आणि सल्फेट काढतात. धुण्याचं पाणी फार पटकन वाढवलं तर विरघळलेलं ॲल्युमिनियम पुन्हा जेलीसारखं बसतं आणि गाळणी तुंबवतं. निवळीतलं सिझियम रेझीनवर, म्हणजे ठरावीक आयन धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांवर, अडवतात. भाभा अणुसंशोधन केंद्रानं यासाठी रिसॉर्सिनॉल-फॉर्मल्डिहाइडचं रेझीन विकसित केलं, आणि स्ट्रॉन्शियमसाठी इमिनोडायॲसिटिक आम्लाचे गट असलेलं दुसरं. रेझीन भरलं की सौम्य नायट्रिक आम्लानं सिझियम उतरवून काचेकडे पाठवायचं. 'सौम्य' हा शब्द इथे महत्त्वाचा. सेंद्रिय रेझीन आणि तीव्र, गरम नायट्रिक आम्ल एकत्र आलं तर रेझीनचा स्तंभ फुटू शकतो.

याच पायरीवर अमेरिकेतल्या सव्हाना नदीच्या अणुकेंद्राचा फज्जा उडाला. सिझियम टाकीतच टेट्राफिनिलबोरेटनं खाली बसवायची योजना होती. कागदावर उत्तम. प्रत्यक्ष कचऱ्यातल्या अत्यल्प धातूंनी उत्प्रेरकाचं काम केलं, ते संयुग अपेक्षेपेक्षा फार वेगानं फुटलं आणि टाकीत बेंझिन जमू लागलं, म्हणजे जवळजवळ पेट्रोलची वाफ. १९९८ मध्ये ती पद्धत सोडून द्यावी लागली. बनावट कचऱ्यावर यशस्वी झालेला प्रयोग खऱ्या नमुन्यावर करून बघितला का, हा प्रश्न म्हणूनच कुठल्याही नव्या घोषणेला विचारावा.

सिझियम निघालेली निवळ सिमेंटसारख्या मिश्रणात घट्ट करतात. सव्हाना नदीकाठच्या मूळ मिश्रणात ४५ टक्के लोखंडाच्या भट्टीची मळी (स्लॅग), ४५ टक्के कोळशाची राख आणि फक्त १० टक्के सिमेंट होतं. मळी तिथे स्वस्ताईसाठी घालत नाहीत. ती टेक्निशियमला पाण्यात न विरघळणाऱ्या रूपात आणते. टेक्निशियम-९९ चं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ, २ लाख ११ हजार वर्षं आहे, आणि पाण्यात ते चटकन पळतं.

आता काच. प्रयोगशाळेतल्या बीकरला असते त्याच कुळातली ही बोरोसिलिकेट काच असते. तीत कचऱ्याची ऑक्साइडं वजनानं साधारण २० ते ३० टक्के सामावतात. कचरा काचेत 'ठेवलेला' नसतो, तो काचेच्या जाळ्याचाच भाग होतो. आपल्याकडे ट्रॉम्बेला प्रवर्तन (इंडक्शन) भट्टीत तापणारं धातूचं पात्र वापरतात. तारापूरला उष्णतारोधक विटांच्या अस्तराची भट्टीही आहे, जिच्यात वितळलेल्या काचेतूनच वीज सोडून ती तापवतात. बिघाड ठरलेले आहेत. रुथेनियम वाफ होऊन उडतं आणि धुराच्या थंड नळीत काळं बसून ती तुंबवतं. कचऱ्यात साखर घालून नायट्रेट मोडतात आणि हे उडणंही कमी करतात. साखर कमी पडली तर काच फेसाळते, जास्त पडली तर धातू सुटून तळाला बसतात. रुथेनियम, ऱ्होडियम, पॅलेडियम काचेत विरघळतच नाहीत. तळाला त्यांचा थर साचला की वीज काचेऐवजी त्या थरातून वाहते आणि भट्टी थंडावते.

सगळ्यात वाईट तो पिवळा थर. सल्फेट काचेत वजनानं जेमतेम टक्काभर मावतं. त्याहून जास्त झालं तर वितळलेल्या काचेवर तेलासारखं तरंगतं आणि जाताना सिझियम बरोबर घेतं. हा थर पाण्यात विरघळतो, म्हणजे सगळी मेहनत वाया. ट्रॉम्बेच्या जुन्या कचऱ्यात नेमकं हेच सल्फेट होतं, कारण पुनर्प्रक्रियेत फेरस सल्फामेट वापरलं जात होतं. तिथल्या रसायनतज्ज्ञांनी बेरियम घातलेली काच तयार करून सल्फेटची मर्यादा वाढवली. अशा कामाची आपल्या वर्तमानपत्रांत बातमी होत नाही, त्याला आमच्याच क्षेत्राची तोंड मिटून बसण्याची सवय जबाबदार आहे.

काच ओतली की काम संपलं असंही नाही. डब्याच्या मध्यभागी ती सावकाश थंड होते. ॲल्युमिनियम आणि सोडियम जास्त असेल तर तिथे नेफेलिनचे स्फटिक धरतात, ते भोवतीच्या काचेतलं सिलिका आणि ॲल्युमिनियम ओढून घेतात आणि उरलेली काच पाण्याला दुबळी होते. म्हणून चाचणीसाठी काच मधल्या भागासारखी सावकाश थंड करूनही घ्यावी लागते. रूढ चाचणीत काच ७५ ते १५० मायक्रॉनपर्यंत कुटतात, एक ग्रॅमला दहा मिलिलिटर शुद्ध पाणी घालून ९० अंशांवर सात दिवस ठेवतात आणि पाण्यात बोरॉन किती उतरलं ते मोजतात. बोरॉन यासाठी की ते परत कुठे बसत नाही, काच किती विरघळली ते खरं सांगतं.

रूप बदलल्यानं काय फरक पडतो, याचा पुरावा ब्राझीलमधल्या गोयानियाचा. १९८७ मध्ये तिथे भंगारात गेलेल्या उपचारयंत्रातून सिझियम क्लोराइडची भुकटी बाहेर पडली. शंभर ग्रॅमही नव्हती. मिठासारखी विरघळणारी, अंधारात निळी चमकणारी, माणसांनी हातांनी वाटलेली. चार जण दगावले. तेच सिझियम ट्रॉम्बेला कचऱ्यातून वेगळं काढून काचेच्या कांड्यांत भरतात आणि रक्तपेढ्यांतल्या किरणन यंत्रांना देतात.

काचेचे डबे पुढे तीसेक वर्षं तरी नैसर्गिक हवेच्या प्रवाहानं थंड होणाऱ्या कोठारात ठेवायचे असतात. तारापूरला तसं कोठार आहे. किनाऱ्यावर इथे एक खास अडचण आहे: येणारी हवा खारी. स्टेनलेस स्टीलच्या जोडावर क्लोराइड बसलं आणि जोडात ताण असला, तर बारीक चिरा पडू शकतात. गरम डब्यावर मीठ कोरडं राहतं, काही करत नाही. डबा दशकांनंतर निवला की तेच मीठ हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. म्हणजे सुरुवातीची वर्षं बिनघोर आणि नंतरची जोखमीची. तपासणीचं वेळापत्रक त्यानुसार उलटं हवं.

कायमचं पुरण्याचं ठिकाण भारतात अजून ठरलेलं नाही. १९८० च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत खडक तापवून चाचण्या झाल्या, ग्रॅनाइटचा अभ्यास चालू आहे. 'कोकणातच पुरणार' ही अफवा मात्र खडकाच्या दृष्टीनंही टिकत नाही. आपला जांभा सच्छिद्र, पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि जुलैत विहिरीचं पाणी हाताला लागतं. सौम्य कचऱ्याचे उथळ काँक्रीट चर मात्र किनाऱ्यावर असू शकतात. तिथे देखरेख सुमारे ३०० वर्षांची धरतात, कारण सिझियम आणि स्ट्रॉन्शियमची तेवढ्यात दहा अर्धायुष्यं होऊन हजारावा भाग उरतो. अशा चराभोवतीच्या विंधणींचं पाणी मे महिन्यात तपासून उपयोग नाही, भर पावसात तपासायला हवं. समुद्रात सोडलेल्या पाण्यावर नजर ठेवायची तर पाण्यापेक्षा खाजणातला बारीक गाळ तपासावा. सिझियम मातीच्या कणांना चिकटतं आणि तिथे आधी दिसतं. आणि कृपा करून नुसता टिकटिकणारा मीटर घेऊन कुणी निष्कर्ष काढू नये. माती-दगडातलं नैसर्गिक पोटॅशियमही त्याला टिकटिकवतं. पोटॅशियमची रेघ १४६१ वर येते आणि सिझियमची ६६२ वर, हा फरक दाखवणारा वर्णपट मागावा.

आपल्या प्रतिनिधीला तारापूरला किंवा मुंबईला अधिकाऱ्यांसमोर बसायची संधी मिळाली, तर 'सुरक्षित आहे का' असं विचारू नये; त्याचं उत्तर 'हो' असंच येणार. विचारावं ते हे: आज किती घनमीटर द्रव टाक्यांत आहे आणि त्यातला सर्वांत जुना कोणत्या वर्षाचा? गळती झालीच तर ओतून घ्यायला तेवढीच रिकामी टाकी राखीव आहे का? थंड पाणी पूर्ण थांबलं तर द्रव उकळायला किती तास? मागच्या वर्षी किती द्रवाची काच झाली आणि किती नवा द्रव आला? नवा जास्त असेल, तर बाकी सगळी चर्चा बाजूला ठेवून त्यावरच बातमी करावी. काचेची भट्टी किती दिवस बंद होती आणि कशामुळे? किती डबे चाचणीत नापास झाले, आणि त्यांचं काय केलं?

लष्करी गुपितं यांत काहीच नाहीत. आकडे मिळाले आणि आपण छापले, तर त्यांचा अर्थ वाचकांना समजेल अशा भाषेत लिहून द्यायला आम्ही तयार आहोत. नावं आपल्याकडे स्वतंत्र कागदावर दिली आहेत, ती छापू नयेत.

आपले,
दोन रसायनतज्ज्ञ वाचक, रत्नागिरी